उलटी बसलेली क्लच प्लेट

ठकूबाई,

तू गाढ झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. सकाळीच काकाला हाताशी घेऊन जीपचा गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवला. तुझंच खरं निघालं, क्लच प्लेट उलटी बसली होती.

काल तू दोनदा म्हणालीस, "बाबा, एकदा वाचून तरी बघा." मी तुझ्यावर खेकसलो, की तू रांगत होतीस तेव्हापासून मी इंजिनं बसवतोय. मग क्लच सुटेना, तर त्याचंही खापर तुझ्याच डोक्यावर फोडलं.

खरं सांगू? कुठली बाजू इंजिनाकडे, ते प्लेटवर लिहिलेलं असतं. मला ते दिसलंच नाही. अंगठ्याने चाचपलं आणि ठोकून दिलं, की हीच बाजू. काकाने आज ते घडाघडा वाचलं, तेव्हा माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातोय. आईला सांग, बोल्ट आणायला गेलेत. नको, खरं तेच सांग. तिला कधीचं कळलंय, मीच कबूल होत नव्हतो.

इंजिनाखाली जॅक लावलाय, तो हलवू नकोस. प्लेट पुसून बाकावर ठेवली आहे. ती तू बसव, मग काका आणि तू मिळून गिअरबॉक्स चढवा. माझी वाट बघू नका.

डोळ्यांत औषध घातलं की संध्याकाळपर्यंत धूसरच दिसतं म्हणे, त्यामुळे आल्यावर मला काही तपासता यायचं नाही. आलं असतं, तरी तपासलं नसतं.

बाबा