बिनटोकाची सुरी

८ फेब्रुवारी
नाना आज स्पष्ट म्हणाले, पायाला सुरी बांधल्याशिवाय तू खाली उतरायचं नाही. शेजारचे नाना विहिरीत अडकलेल्या पाण्याच्या मोटारी काढतात, कधी तापीतून बुडणारी माणसंही. मालवणला बोटीवर कामाला होते तेव्हाचा सिलिंडर आणि मास्क आहे. कॉलेज सोडल्यापासून मी त्यांच्यासोबत. आतापर्यंत नुसता वर दोर धरून उभा. खाली वायर, जुने दोर, कुणी टाकलेलं जाळं. पाय गुंतला की हाताने सुटत नाही.
डायव्हिंगची सुरी ऑनलाइन पाहिली. आपल्या ऐपतीची नाही. घरीच बनवणार.

११ फेब्रु.
धुळे. भंगारवाल्याकडे हॉटेलातली स्टीलची सुरी मिळाली. मूठ गेलेली, पातं जाड.
येताना बस कॉलेजवरून गेली. मान वळवली नाही. वळवली. पार्किंगच्या भिंतीला नवा रंग दिलाय. वर्गातली व. एका पोराशी हसून बोलली म्हणून तिच्या स्कुटीचा आरसा मी तिथेच फोडला होता. हाताला चार टाके. ती दवाखान्यात आली, पण दारातच थांबली. आत आली नाही. त्यानंतर त्या वर्गात जाऊन बसणं..

१७ फेब्रु.
ग्राइंडरवर घाई केली, पातं तापून निळं पडलं. तेवढा भाग काढून पुन्हा सुरुवात. जरा घासायचं, पाण्यात बुडवायचं, परत घासायचं. माझ्यासारख्याला शिक्षाच. पाठीच्या बाजूला दोर कापायला कानशीने दाते पाडले. टोक मात्र सुईसारखं निघालं. बघत बसलो.

२० फेब्रु.
म्यान. शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला पीव्हीसीचा तुकडा गॅसवर धरला. घरभर धूर. आई म्हणाली, "भाकरी सोडून काय भाजतोस रे मेल्या?" दुसरा तुकडा उकळत्या पाण्यात नरम केला, आत कागदात गुंडाळलेलं पातं, वरखाली फळी, आणि वर मी उभा. पात्याचा आकार बरोब्बर उमटला. सुरी एकाच बाजूने पूर्ण बसते. उलटी घातली तर बोटभर बाहेर राहते. खाली पाणी निघायला भोक. पट्टे मोटरसायकलच्या ट्यूबचे. मुठीला केळीची झाडं बांधायची पिवळी दोरी गुंडाळली.

२ मार्च
व.चा साखरपुडा झाला. मैत्रिणीच्या स्टेटसवर फोटो. मुलगा सावद्याकडचा, केळीचा मळा आहे म्हणे. ती हसत होती. फोटोसाठी नाही, खरंच हसत होती.
संध्याकाळी सुरीचा फोटो मी स्टेटसला टाकला. खाली काही लिहिलं नाही.

३ मार्च
सकाळी तिच्या धाकट्या भावाचा फोन. वाटलं शिव्या देईल. तर हळू आवाजात, "दादा, ताई झोपली नाही. लग्नात काही करू नको. पाया पडतो तुझ्या." मी म्हटलं, "अरे ती सुरी विहिरीत उतरायला.." त्याने ठेवून दिला.
मग तिचा मेसेज. "खरं सांग, कशासाठी बनवलीस?"
सात वेळा लिहिलं, खोडलं. शेवटी पाठवलं तेव्हा ब्लॉक.
इथे तरी खरं लिहितो. सुरी विहिरीसाठीच. फोटो मात्र विहिरीसाठी टाकला नव्हता. तिने घाबरावं असं वाटलं होतं. एक मिनिटभर. तेवढं पुरलं.

४ मार्च
नानांना दाखवली. त्यांनी म्यान उलटं धरून हलवलं, सुरी पडली नाही. खूष. मग बाहेर काढून पाहिली.
"हाई टोक कोनासाठे शे?"
मी म्यान पुसू लागलो.
"पानीमा समोरना माणूस घाबरेल ऱ्हास, भाऊ. गळामा पडस. हाई त्याना पोटमा जाई. घसी टाक."
दुपारी घासलं. पुढून आता छिन्नीसारखी चपटी. दहा मिनिटांचं काम होतं.

१२ एप्रिल
नशिराबादजवळ पहिली विहीर. खाली गेल्यावर हाताचा पंजाही दिसेना. वायर पोटरीला गुंडाळली. सुरी एका हाताने निघाली, दोन ओढीत सुटलो. वर आल्यावर हे कुणाला सांगू म्हणून फोन काढला. बोट तिच्याच नावावर गेलं.

७ मे
व.चं लग्न. आईला म्हटलं, आज मला बाहेर सोडू नको. तिने कडी लावली नाही. दारात बाज टाकली आणि दिवसभर तिथे शेंगा फोडत बसली.

२९ मे
सावद्याजवळ मोटार अडकली म्हणून नानांना बोलावणं. मळ्यात पोचलो. पाण्याचा तांब्या घेऊन व. बाहेर आली. तिचंच सासर. मला माहीत नव्हतं, आईशपथ. तिने मला पाहिलं, मग माझ्या पोटरीला बांधलेली सुरी. तांब्यातलं पाणी सांडलं.
सासरे म्हणाले, "काय झालं, सूनबाई?"
"काही नाही, आबा."
एवढंच दाखवायचं होतं, की टोक नाही. पण ते दाखवायला सुरी उपसावी लागते. तिच्यासमोर. हात मागे धरून उभा राहिलो.
खाली दोन जुने दोर गुंतलेले. कापले, मोटार सुटली. वर आलो तर ओट्यावर कोणी नाही. सुरी म्यानासकट सोडून हौदाच्या कठड्यावर वाळत ठेवली. नाना, आबा आणि मी मोटार उचलून शेडपर्यंत नेली. तिचा नवरा कुठे होता, पाहिलं नाही.
परत आलो. सुरी कठड्यावरच, म्यानातच. पण बोटभर बाहेर.
म्हणजे उलटी घातलेली. मी तशी कधीच घालत नाही.
नानांना विचारलं, तुम्ही काढली होती का? "मी ते तुनासंगेच व्हतू."
ओट्याकडे पाहिलं. दार लोटलेलं. आबा पुन्हा पुन्हा चहाचं म्हणत होते, नाना नको म्हणाले.
घरी आलो. अजून तशीच ठेवलीय. बोटभर बाहेर.