पाच दिवसांचा कोर्स, तीन दिवसांत

३ मार्च, सकाळी ७.
खोकला गेला. तीन दिवसांत ठणठणीत! डॉक्टरीणबाईंनी गोळ्या पाच दिवसांच्या दिल्या होत्या, पण बरं वाटल्यावरही गोळ्या खाणं म्हणजे आपलं स्टेशन आल्यावर गाडीत बसून राहणं. उरलेल्या डब्यात टाकल्या. एकवीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळतोय, एक वॉशर वाया जाऊ दिलेला नाही. डब्यात आता चार प्रकारच्या अँटिबायोटिक गोळ्या. प्रत्येक पाकिटावर माझी चिठ्ठी: घसा, दाढ, ताप, खोकला.

११ मार्च.
हिला लघवीला जळजळ. दवाखान्यात जाऊन येते म्हणाली. म्हटलं, घरात स्टोअर असताना? ‘दाढ’मधल्या चार गोळ्या दिल्या. गोळीला काय कळतंय ती कुठल्या अवयवाला चालली आहे!

१३ मार्च.
जळजळ बंद. लेकीचा फोन. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे निम्मं शिकलेली. आईला कोर्स किती दिवसांचा दिलात, विचारलं. म्हटलं, दोन. पलीकडून फोन कट. रेंज गेली असावी.

२४ मार्च.
पुन्हा जळजळ. जुनी नाही, नवीन असणार. या खेपेला ‘घसा’, तीन गोळ्या. माझा सिद्धांत: औषध बदलत राहिलं की जंतू गोंधळतात. ही म्हणाली, जंतूंचं माहीत नाही, मी मात्र गोंधळलेय. थट्टा सुचतेय, म्हणजे सुधारणा आहे.

२ एप्रिल.
हिला थंडी वाजून ताप. कंबर एका बाजूने ठणकतेय. ‘ताप’ पाकीट संपवलं. संकल्प: उद्यापासून दर चार तासांनी तापाचा तक्ता.

३ एप्रिल.
तक्ता झाला नाही. एकशे चार. दुपारी ही उठायला गेली आणि भिंतीला धरून खालीच बसली. मला ओळखलं नाही, क्षणभरच, पण ओळखलं नाही. ॲडमिट केलं.

६ एप्रिल.
लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट आला. हिच्यातल्या जंतूंवर बारा औषधं लावून पाहिली, लागू पडतात दोनच, तीही इंजेक्शनमधून. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय. डॉक्टरीणबाईंनी समजावलं: औषधाने दुबळे जंतू आधी मरतात, माणसाला बरं वाटतं. तिथेच थांबलं तर चिवट तेवढे उरतात, त्यांचीच पिल्लावळ वाढते, आणि मग ते औषध त्यांचं काही वाकडं करू शकत नाही. शिवाय असे जंतू ही युक्ती दुसऱ्या जंतूंनाही देतात. म्हणजे मी दर खेपेला चिवट तेवढे निवडून ठेवत होतो. हे इथे लिहितोय, इथे कोण वाचतंय.

मग त्यांनी विचारलं, या अर्धवट गोळ्या कोणी दिल्या? मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं.

“मीच घेतल्या, मनाने,” ही म्हणाली.

अंगात ताप असताना हिने दहा मिनिटं बोलणी खाल्ली. मी शेजारी उभा राहून मान डोलावली. एकदा तर ‘मीही हिला हेच सांगत असतो’ असं तोंडातून निघून गेलं. हिने माझ्याकडे पाहिलं नाही.

संकल्प: संध्याकाळच्या राउंडला डॉक्टरीणबाईंना खरं सांगायचं.

७ एप्रिल.
काल त्या घाईत होत्या. आजही होत्या.

८ एप्रिल.
त्या रजेवर. त्याला मी काय करणार?

११ एप्रिल.
ताप उतरला! दहातली सहाच इंजेक्शनं झालीत. सिस्टरना सहज विचारलं, आता बरं आहे तर उरलेली चार घरी नेऊन... वाक्य पुरं झालं नाही. ही जागी होती. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुपारी सिस्टरनी पित्ताची गोळी माझ्या हातात दिली, हिला द्या म्हणाल्या. मी गोळी दिली, पाण्याचा ग्लास धरला. हिने गोळी तोंडात टाकली नाही. सिस्टरना हाक मारली, तळहात पुढे करून विचारलं, “हीच ना?”

त्या हो म्हणाल्या, तेव्हा गिळली.