न लागलेल्या बोअरचा सिनेमा

प्रिय स्वप्नाली,

पाकिटावर माझं अक्षर बघून छातीत धस्स होऊ देऊ नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन सोडून कागद हातात घेतला त्याला कारण तूच. फोनवर तुझ्या बापाचं नाव काढलं की तुझी रेंज जाते, आणि त्याच्यासमोर तुझं नाव काढलं की त्याला शेतात काहीतरी अर्जंट काम आठवतं. दोन वर्षं मी हा खेळ बघतेय. तुझी आई बिचारी दोघांच्या मधे पोळीसारखी, दोन्हीकडून लाटली जाते. म्हणून म्हटलं, कागदावर लिहावं. शेवटपर्यंत वाच, मधेच सोडलंस तर माझी शप्पथ आहे तुला.

घाटनांदूरच्या शाळेतून निवृत्त होऊन गावी आले तेव्हा वाटलं होतं, आता निवांत बसायचं. कसलं निवांत! यंदा ऊसतोडीची माणसं परत आली, गाव भरलं, आणि बचत गटाच्या बायकांनी माझ्यामागं टुमणं लावलं. सहा महिने माणसं कारखान्यावर, घरी म्हातारी आणि लेकरं. आणि आता सगळी आलीत तर एकेक जण एकेक कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसतोय. आठवड्यातून एक संध्याकाळ तरी सगळं घर एका जागी बसेल असं काहीतरी करा म्हणाल्या. आपल्या शाळेचे सोमेश्वर गुरुजी म्हणाले, शाळेला पडद्यावर सिनेमा दाखवायचं यंत्र मिळालंय, शनिवारी खुशाल वापरा. पण ते पर्यावरणाच्या कामासाठी आलंय, तेव्हा सिनेमाही झाडापाण्याचाच हवा. झालं. सिनेमे निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण गावात माझ्याइतकी रिकामी बाई दुसरी नाही.

तुला वाटेल त्यात काय अवघड. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या शनिवारी मी बर्फ वितळल्याचा सिनेमा लावला. शहाण्या लोकांनी चांगला म्हटलेला. पडद्यावर पांढरं अस्वल, उपाशी, फुटक्या बर्फावर भटकतंय. चित्र सुरेख होतं, नाही म्हणणार नाही. लहान पोरं रडायला लागली, बायका हळहळल्या, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या तानाजीची आई छबुबाई मला सगळ्यांदेखत म्हणाली, बाई, अस्वलाचं वाईट वाटलं, पर आमच्या दारात आठ दिसांनी टँकर येतोय, आमी कुणाला रडावं? घरी जाऊन गपचूप भाकरी खाल्ली आणि झोपले.

मग विचार केला, आपल्या जवळचं दाखवू. पुढच्या शनिवारी बोअरवेलचा माहितीपट आणला. जमिनीच्या पोटातलं पाणी कसं संपत चाललंय, एकानं घेतली की शेजाऱ्याची कशी आटते, सगळं नीट समजावलेलं. मी दोनदा आधी बघून घेतला होता. पण आपलं गाव विसरले गं! पडद्यावर मशीनची घरघर सुरू झाली तशी माणसं सरसावून बसली. पाईपामागं पाईप आत चालले, नुसता फुफाटा. कुणी श्वाससुद्धा घेईना. आणि एकदम पाण्याचा फवारा उडाला. अगं, काय सांगू, अख्खं मैदान उठून टाळ्या वाजवायला लागलं! शिट्ट्या काय, टोप्या उडवणं काय. एकानं तर घरून नारळ आणायला पोरगं पळवलं. निवेदक बापडा पाणी संपल्याचं सांगतोय, आणि इकडं त्याचा शब्द कुणाच्या कानात शिरेना. दुसऱ्या दिवशी दोघं माझ्याकडं चौकशीला, त्या सिनेमातल्या मशीनवाल्याचा नंबर मिळंल का म्हणून. मी कपाळाला हात लावला.

टाळ्या वाजवल्या नाहीत फक्त एकानं. मागं हातपंपाजवळ तुझा बाप उभा होता. सिनेमाला म्हणून नव्हे, शेताकडून येताना थांबल्यासारखा. फवारा उडाला तसा तो मान खाली घालून निघून गेला.

त्याला काय झालं ते तुला मी सांगायला नको. तुझ्या कॉलेजसाठी केलेल्या सिनेमात तू त्याला घेतलंस. मोसंबीच्या बागेसाठी एकामागून एक बोअर घेतल्या, त्यातल्या शेवटच्या बोअरची ती सकाळ. नारळ फोडून हात जोडून उभा असलेला, मग नुसती धूळ उडताना मशीनवाल्याला शिव्या देणारा, आणि मग मातीत डोकं धरून बसलेला. तेवढाच तुकडा कुणीतरी कापून, वर हसण्याचा आवाज चिकटवून फोनवर फिरवला. दिंद्रुडच्या तुझ्या मावशीकडं पोचला, पाटोद्याच्या बाजारात माणसं त्याला बघून हसली. ज्या माणसाच्या ओट्यावर गाव सल्ल्याला येतं, त्याची ही गत. घरची अब्रू पडद्यावर टांगली म्हणाला, आणि तुझ्याशी बोलणं तोडलं. तुकडा तू पसरवला नाहीस हे मला ठाऊक आहे. पण बाई, त्याला न विचारता कॅमेरा लावलास हेही खरंच आहे. लाडकी असलीस तरी तेवढं तुझं चुकलं, आणि ते मी तोंडावर सांगणारच.

असो. तर दोन शनिवार फसल्यावर छबुबाईनंच मार्ग काढला. सप्ताहात पंगतीची पाळी असते ना घराघराला, तशी सिनेमाची पाळी लावा म्हणाली. मी तीन-चार सिनेमे काढून ठेवायचे, ज्याची पाळी त्या घरानं त्यातला एक निवडायचा. त्या घरानं सगळ्यांत पुढं बसायचं, आणि घरातलं एकही माणूस कमी असलं तर यंत्र सुरू करायचं नाही. हे शेवटचं कलम गड्यांसाठी होतं, कारण गडी माणसं तंबाखू मळायला म्हणून उठायची ती परत यायची नाहीत. नियम लागू झाला आणि बघता बघता रंगत आली. एका घरचा मुलगा दिंद्रुडला दुकानात कामाला आहे, तोसुद्धा पाळीला येऊन बसून गेला.

निवडायचं कसं, हेही मी त्यातून शिकले. फार धाक घालणारा सिनेमा नको, लेकरं झोपेत दचकतात. सतत शिकवणारा तर नकोच, शिकवायला मी आहे की. म्हातारीला भाषा नाही कळली तरी चित्रावरून गोष्ट कळली पाहिजे, आणि लहानगी पेंगायच्या आत तो संपला पाहिजे. तानाजीच्या घरची पाळी आली तेव्हा छबुबाईनं पाखरांचा निवडला. थंडीत हजारो कोस उडत जाणारी पाखरं. पुढं तानाजी, त्याची बायको, दोन पोरं आणि मधे म्हातारी. पाखरांचा थवा उठला तशी छबुबाई म्हणाली, "आमच्यावानीच हायत की. पर ती पिल्लं संगं नेत्यात." तानाजीनं धाकट्याला मांडीवर ओढून घेतलं आणि सिनेमा संपेपर्यंत सोडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या घरच्या पोरांनी बाभळीला पाण्याचं डबडं टांगलंय. आपल्या प्यायच्या पाण्यातलं घोटभर काढून ठेवतात. मी स्वतः बघून आले.

आता खरं सांगायचं ते. मागच्या शनिवारी तुमच्या घराची पाळी होती. मला वाटलं, बजरंग नाही म्हणणार. पण तुझ्या आईनं, सुनितानं, काय जादू केली कोण जाणे, दोघं आले. तो धुतलेलं धोतर नेसून, ती ठेवणीतलं लुगडं नेसून. पुढं सतरंजीवर बसले. मी बटण दाबणार, तेवढ्यात छबुबाईचा आवाज आला, "थांबा. बजरंगा, तुझ्या घरची माणसं पुरी न्हाईत. लेक कावून न्हाई?" त्याच्यासमोर असं बोलायची आपल्या गावात कुणाची छाती होती का? तो म्हणाला, आमी दोघंच. ती म्हणाली, लगीन होऊन गेली असती तर गोष्ट वेगळी, अजून तिचं नाव तुझ्याच रेशन कार्डावर हाय. मी मधे पडायला हवं होतं का? नाही पडले. मलाही ऐकायचं होतं, तो काय म्हणतो ते. तो उठला, पायात वहाणा घातल्या आणि निघून गेला. सुनिता तिथंच पदर तोंडाला लावून बसली. सिनेमा झाला नाही. पोरांनी भोकाड पसरलं, आणि जाता जाता निम्म्या गावानं मलाच बोल लावले, की बाई, मोठ्या माणसाला असं उठवायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बजरंग दारात हजर. चहा ठेवू का म्हटलं तर नको. हा तुझा बाप चहाला नको म्हणाला म्हणजे समज काय अवस्था असेल. खाली बघत म्हणाला, "आक्का, तिचा तो सिनेमा तुझ्याकडं हाय का? सगळा?" होता. तू मला तेव्हाच पाठवला होतास. दोन वर्षांत त्यानं तो तुकडा सोडून काही बघितलेलंच नव्हतं, आणि मी एकदा दाखवायला गेले होते तर मला हाकलून दिलं होतं. मी दारं लावून घेतली, टीव्हीला जोडला आणि त्याच्या शेजारी बसले.

त्यानं डोकं धरून बसलेल्या स्वतःला बघितलं, आणि दात आवळले. मग पुढचं सुरू झालं. टँकरचं पाणी डब्यात घेऊन मोसंबीच्या ओळीतून फिरणारा तो. सगळ्यांना पुरणार नाही म्हणून कुणाला द्यायचं ते ठरवणारा, आणि ज्या झाडांना द्यायचं नाही त्यांच्याशी बोलणारा, "तुमाला आज न्हाई, उद्या देतो." ते तू कुठून टिपलंस गं? गोठ्याच्या आडून? मग वाळलेली बाग तोडायचा दिवस. गड्यांना कुऱ्हाडीला हात लावू न देता एकेक झाड स्वतः तोडणारा. आणि शेवटी तुझा आवाज, की माझ्या वडिलांना झाडं जगवता येतात, पाणी जमिनीत नव्हतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सिनेमा संपला. पुन्हा लाव म्हणाला. पुन्हा लावला. माझा हा भाऊ, वडील गेले तेव्हा सगळ्यांना सावरत कोरड्या डोळ्यांनी उभा राहिलेला, माझ्या पलंगावर बसून उपरण्यात तोंड घालून रडला. मीही रडले. मग डोळे पुसून काय म्हणाला असेल? "टोपी लई मळकी दिसती माझी. तिनं इचारलं असतं तर धुतलेली घातली असती." मी तडकले. म्हटलं, मेल्या, दोन वर्षं पोरीशी बोलला नाहीस ते टोपीसाठी? तर म्हणाला, टोपीसाठी न्हाई, न इचारल्यासाठी. मग उपरणं खांद्यावर टाकत पुन्हा म्हणाला, "पाणी लागल्याचा सिनेमा दावलास, लोकं टाळ्या वाजवणारच. न लागलेल्या बोअरचा दाव." हसणाऱ्यांना हसू दे म्हणाला, सगळा बघून मग हसा म्हणावं. आणि तुला खरं वाटणार नाही, काल त्यानं त्या कोरड्या बोअरभोवती खड्डा खणायला घेतलाय. पावसाचं पाणी दगडगोट्यांतून गाळून तिच्यात सोडायचं म्हणतो. कृषी सहायकाला तीनदा फोन करून भंडावून सोडलंय.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. हे त्यानंच लिहायला लावलंय. आत्ता माझ्या ओट्यावर बसून सुपारी कातरतोय आणि झालं का, झालं का म्हणून विचारतोय. त्यानं पाळीला तुझा सिनेमा निवडलाय. पुढं दोघं नाही, तिघं बसणार आहात, म्हणून गावातली पाळी तुझ्यासाठी थांबवून ठेवलीय. तू येशील तो शनिवार. मी म्हटलं, सिनेमा आहे माझ्याकडं, लावून टाकू या शनिवारी आणि पोरीला नंतर कळवू. तर माझ्यावरच डाफरला. "न्हाई. सिनेमा तिचा हाय. तिला आधी इचार. ती हो म्हणल्याबिगर लावायचा न्हाई." म्हणून विचारतेय, पोरी. त्याच्या वतीनं विचारतेय. लावू का? हो असेल तर ते त्यालाच फोन करून सांग, मला नको. आणि "सकाळच्या गाडीनं ये, दुपारचं ऊन लई हाय, मी पाटोद्याच्या स्टँडवर गाडी घेऊन थांबतो", हेही लिही म्हणतोय.

तुझीच भांडखोर आत्या,
सत्यशीला