बोंबलांच्या वासाचा मॉनिटर

तलासरी, ४ नोव्हेंबर २०२४

ती. जयश्रीताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सासूबाईंचे कान असतात, म्हणून ही चिठ्ठी तुमच्याकडून इकडे मासळी विकायला येणाऱ्या बायजीच्या टोपलीतून. लॅपटॉपचा पडदा काळा पडलाय, वकिलांचं टायपिंग अडलंय. अच्छाडला हायवेवर विपुलभाईंच्या दुकानात जुना मॉनिटर आहे. वापीच्या ऑफिसातला, म्हणतात. घेऊ का? तुझा तुषार कॉम्प्युटरच्या क्लासला जातो, त्याला विचारशील?

तुझी निलम

चिंचणी, ६ नोव्हेंबर

चि. निलमला अनेक आशीर्वाद.

हायवेवरची वस्तू आणि हायवेवरचा माणूस, दोघांचं गाव आधी विचारावं. चोरीचा निघाला तर पोलीस तुझ्या दारी. चालू करून बघ, उलटाही कर. मागच्या जाळीला नाक लाव, जळका वास नको. तुषारला विचारलं नाही. हल्ली विचारलं की उठूनच जातो. त्याचाही मॉनिटर दिवाळीआधीपासून दुरुस्तीला आहे म्हणे.

ताई

तलासरी, ८ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न.

चित्र स्वच्छ, पण वास सुक्या बोंबलांचा! तुझ्या चिठ्ठीला येतो तोच. मी म्हटलं, विपुलभाई, वापीच्या ऑफिसात बोंबील सुकवतात का? तर म्हणे, बेन, घ्यायचा असेल तर बोला. मागे कोपऱ्यात दसऱ्याचं कुंकू आहे, त्यात तांदळाचा दाणा चिकटलेला. पूजेची वस्तू कोण विकतं? चोरीचाच असणार. नको ना?

निलम

चिंचणी, १० नोव्हेंबर

चि. निलम,

वास आमच्या अंगणातल्या बोंबलांचा आणि ते कुंकू माझ्या बोटाचं आहे. लावताना तुषार ओरडला होता, आई, दाणे आत जातील. त्याच्या क्लासला फोन केला. दिवाळीआधीच सोडलाय, जमत नाही म्हणून. मला एक शब्द नाही. रोज डबा घेऊन जातो कुठे, देव जाणे. विचारलं तर आणखी एक खोटं बोलेल, ते मला ऐकवणार नाही.

तू मॉनिटर घे. जोडायला मात्र तुषारलाच बोलव.

लोभ आहेच, तो तेवढा सुकू नये.

ताई

तलासरी, १४ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न.

तुषार आला. वायर लावायला मागे वाकला आणि तसाच राहिला. मी चहाच्या निमित्ताने आत गेले. बाहेर येते तर सगळी धूळ पुसलेली, कुंकू तेवढं जागच्या जागी. म्हणाला, मावशी, आईला कळलंय ना? मी म्हटलं, तिनेच घ्यायला सांगितला.

वायर लावून पडदा चालू केला. मग विचारलं, रविवारी तुझं टायपिंग नसतं ना, मी येऊन यावर सरावाला बसू? ये म्हटलंय.

बायजी आज आली नाही. चिठ्ठी त्याच्याच हाती देते आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. तू उघडण्याआधी त्यालाच बोलू दे.

तुझ्या मायेतली,
निलम