भागीरथाचा खांदा

हिंगणी, ८ जानेवारी २०२५

माझी बहीण चि. भागीरथास, बापूदादाचा जयभीम व आशीर्वाद.

फोनवर मी ओरडतो अन् तुले भलतंच ऐकू येते, म्हणून लिहून राह्यलो. तुझा खांदा आखडला, हात वर जात नाई, सून काजलच तुझे केस विंचरते, हे तुझ्या लेकानं, अंकितनं सांगितलं. अन् तू म्हणे, आता हे असंच चालायचं, असं म्हणून खाटेवर बसली.

मी इथं विहारात शोभाबाईच्या योगवर्गाले जातो. ताडासनानं पाठ सरळ होते. माझं पोट मात्र पुढं होऊन सगळ्यांचं स्वागत करते. वृक्षासनानं तोल सुधरते म्हणतात. बोरच्या जंगलात वनरक्षकाची उभी नोकरी केली, वाघापुढं हाललो नाई, पण एका पायावर उभा राह्यलो अन् थेट शेजारच्या भैयाजीच्या अंगावर! शवासनात तेवढा माझा पहिला नंबर. घोरतो म्हणून बाईनं दाराजवळ जागा देली. भुजंगासनानं मात्र कंबर खरंच मोकळी झाली.

तुझ्यासाठी बाई म्हणाली, आधी डॉक्टरले दाखवा, मग भिंतीवर बोटं चालवत हात वर न्या, दुखलं की थांबा. करून पाहाजो. रागावून का होईना, उत्तर देजो.

तुझा,
बापूदादा

तळेगाव, २३ जानेवारी

आदरणीय दादास, भागीरथाचा सविनय जयभीम.

राग आलाच. वाघापुढं तू हालला नाई, कारण तू झाडावर होता. वहिनीनंच सांगितलं मले.

डॉक्टरही व्यायामच म्हणाले. भिंतीपुढं उभी राह्यली, तर बोटं छातीशीच थांबली. वावरात तण निंदताना साऱ्या बायांच्या पुढं राहणारी मी, अन् आता भिंतीवरची पाल माझ्यापेक्षा वर जाते! रडू आलं. काजलनं पाठीवर हात ठेवला, म्हणाली, उद्या पुन्हा पाहू.

लोभ कमी करू नको. वाघाचं कोणाले सांगत नाई.

भागीरथा

हिंगणी, १० फेब्रुवारी

चि. भागीरथास आशीर्वाद.

सोडू नको. मी काल पवनमुक्तासन केलं. नावाप्रमाणे गुण लगेच आला, साऱ्या विहारानं ऐकला. मी भैयाजीकडे रागानं पाह्यलं, पण कोणी फसलं नाई. तरी आज पुन्हा गेलोच. एवढी लाज मी सोसतो, तर तू भिंत सोसजो.

बापूदादा

तळेगाव, ४ मे

आदरणीय दादास जयभीम.

भिंत रोज केली. काल काजल भाकरी टाकत होती, तेव्हा मी फणी घेतली. हात कानामागं गेला, मग डोक्यामागं. माझा अंबाडा मीच बांधला. वाकडा, पण माझा! काजलले दाखवला. ती खूप हसली, मग तव्याकडे वळली. म्हणाली, आई, आता सकाळी माझ्यापाशी कायले बसाल?

दादा, तिचं-माझं मनातलं बोलणं होते ते सकाळी केस विंचरतानाच. मी अंबाडा सोडला, फणी तिच्या हाती देली अन् तिच्यापुढं पाठ करून बसली.

वहिनीले जयभीम. असाच जीव लावत राहाजो.

तुझी,
भागीरथा