चांदीचा नाद

रविवार, भुकूम

नजर गेल्यापासून सासऱ्यांनी नाण्यांच्या संग्रहाला हात लावला नव्हता. आज भावजींनी अमेरिकेहून दोन सारखीच नाणी आणली. एक संग्रहासाठी काढलेलं चांदीचं, दुसरं रोजच्या वापरातलं. मला फरकच कळेना. बाबांनी एकेक नाणं बोटावर तोलून टिचकी मारली. एकाचा नाद बराच वेळ टिकला. “हे चांदीचं.”

मी कड पाहिली. दुसऱ्याच्या कडेला तांब्याची लाल रेघ होती, ह्याची सगळी पांढरी. कसला कान आहे हा!

मग म्हणाले, “मीनल, डोळे मीट. आता तू ओळख.” मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा तो लांबलेला नाद मलाही ऐकू आला.

“तयार झाला तुझा कान,” बाबा हसले. “उद्या आपले जुने रुपये काढू.”