एका बॅगेची फेरी

मागांगे, ५ नोव्हेंबर

चि. यादीरा हिस काकाचे अ. आ.

इकडे सगळं ठीक. नदी फुगली आहे, दोन होड्यांची इंजिनं रुसली आहेत, आणि तुझ्या आत्याचं नाक नेहमीच्या जागी, म्हणजे माझ्या दारात आहे. फोन न करता पत्र लिहितोय त्याचं कारण तेच. माझा फोन वाजला की एर्मेलिंदाताईच्या कानात वाजतो. हे पत्र बोगोताच्या बसवाल्याकडे देतो आहे. त्याला वाचता येतं, पण माझं अक्षर नाही.

काम असं. विल्फ्रीदो या वर्षी साठीचा झाला. देवळातल्या नाताळच्या गव्हाणीच्या देखाव्यात तीन राजे येतात ना, त्यांच्या उंटांच्या झुली तो इतकी वर्षं शिवतोय, पण उंट म्हणून त्याने आजवर फक्त प्लास्टरचा पाहिलाय, तोही एका कानाचा. परवा शिवता शिवता म्हणाला की एलिएसेर, मरायच्या आधी मला एका खऱ्या उंटाचं माप घ्यायचंय. म्हटलं घे. पोरपणी मी दुसऱ्यांच्या होड्या घासल्या, आता सहा माझ्या आहेत. एवढा एक उंट मला जड नाही.

तर मोरोक्को बघ. तुमच्या प्रवास कचेरीत तू जगाला विमानात कोंबतेस, म्हणून तुलाच विचारतो. आम्हा दोघांचं तुला एकटीला ठाऊक आहे. आमच्या दोन घरांच्या मधल्या भिंतीत, शिलाई मशीनमागे जे दार आहे, ते तुला आणि कुत्र्याला सोडून कुणाला माहीत नाही. गावाला विल्फ्रीदो माझा मानलेला भाऊ. तर दोन म्हाताऱ्या पुरुषांनी एक खोली, एक पलंग मागितला, तर तिकडचे लोक काय करतात? हसतात, मारतात, की जास्तीची उशी देतात?

ताईला यातलं अवाक्षर नको. माया पातळ करू नकोस, उत्तर मात्र सुटसुटीत दे.

तुझा काका,
एलिएसेर

---

बोगोता, १४ नोव्हेंबर

ती. एलिएसेरकाकांना यादीराचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बसवाल्याने ते आंब्याच्या लोणच्याच्या बरणीला बांधून दिलं, त्यामुळे अर्धं वाचलं आणि अर्धं चाटलं.

उशी देत नाहीत, काका. तिकडच्या कायद्यात तुमच्यासारख्यांना तुरुंग आहे. तरी पुष्कळ जोडपी जातात आणि सुखरूप येतात. भाऊ म्हणून जातात, दोन पलंग घेतात, बाहेर हात खिशात ठेवतात. तुम्हाला ते शिकवायला नको, तुम्ही त्यात पदवीधर आहात.

पण दुसरी एक जागा आहे. स्पेनचं लांसारोते नावाचं बेट. ज्वालामुखीने भाजलेलं, काळंकुट्ट, आणि त्या काळ्या डोंगरावर उंटांची रांग फिरवतात. भाषा आपली. दोन पुरुषांचं लग्न तिथे रीतसर लागतं. हॉटेलवाल्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं की नाश्ता किती वाजता. मी माझ्या दोन गिऱ्हाइकांना पाठवलं होतं, ते उन्हाने भाजण्यापलीकडे काही तक्रार घेऊन आले नाहीत.

कुठे जायचं ते विल्फ्रीदोकाकांना ठरवू द्या. उंट त्यांचा आहे. त्यांना माझा नमस्कार, आणि माझ्या निळ्या झग्याची शिवण पुन्हा उसवली आहे हेही सांगा. दोष जेवणाचा आहे, शिंप्याचा नाही.

ओढ आहेच, ती धरून ठेवावी.

आपली,
यादीरा

---

मागांगे, ३ डिसेंबर

चि. यादीरास अ. आ.

घोटाळा झाला आहे. क्रमाने सांगतो.

तुझं पत्र विल्फ्रीदोला वाचून दाखवलं. तुरुंगाला तो घाबरला नाही. म्हणाला की भाऊ होऊन राहायचं तर मी इथे फुकटात राहतोय, त्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा? आयुष्यात एकदा, एका तरी गावात, मला तुझा भाऊ व्हायचं नाही. तेव्हा बेट ठरलं. इथवर छान.

मग ताईने विचारलं की कुठे निघालात. माझ्या तोंडून निघून गेलं, यात्रेला. मला वाटलं, देवाचं नाव काढलं की बाई प्रश्न विचारणार नाही. अगं, बंदरावर कस्टमवाल्यांना तीस वर्षं गुंडाळणारा माणूस मी, आणि पहाटेच्या प्रार्थनेला न चुकणाऱ्या बाईला यात्रा सांगतो! तिने कसलाही प्रश्न विचारला नाही. सरळ स्वतःची बॅग काढली.

आता रविवारचं ऐक. दर रविवारी आम्ही दोघं तिच्याकडे जेवतो, तुला माहीत आहे. विल्फ्रीदो पाहुणा, म्हणून सगळ्यात मोठा बोकाचिको मासा त्याच्या ताटात, खुर्चीवर भरतकामाची उशी, आणि उठताना हातावर पाणी. त्या दिवशीही तसंच. ताईने मासा वाढला आणि फर्मान काढलं की बहीणभाऊ एका खोलीत, आणि विल्फ्रीदोला वेगळी बारकी खोली बघा, बिचाऱ्याला एकट्याची सवय आहे. वर म्हणाली की तिकडे एखादी बरी विधवा दिसली तर मी बोलणी करीन. गेल्या तीस वर्षांत तिने त्याला अकरा विधवा दाखवल्यात, त्यांतल्या दोन तर पुन्हा विधवा झाल्या.

विल्फ्रीदोने माझ्याकडे पाहिलं. मी काट्यांकडे पाहिलं. बोकाचिकोत काटे भरपूर, पाहायला वेळ पुरतो.

त्याने हात पुसले, ताईचे आभार मानले, म्हणाला की तुम्ही बहीणभाऊ जाऊन या, मला देवळातला उंट पुरे. घरी आलो तर मधल्या दाराला त्याच्या बाजूने कडी. गेल्या आठ दिवसांत निघालेली नाही. कुत्राही तिकडेच राहिलाय, हरामखोर.

काहीतरी तोड काढ. तू शिकलेली आहेस.

तुझा,
एलिएसेरकाका

---

बोगोता, १२ डिसेंबर

ती. काकांना सा. न. वि. वि.

मी तोड काढू? विमान बदलता येतं, हॉटेल बदलता येतं, आत्याला चुकीच्या बेटावरही पाठवता येईल. पण तिला सांगायचं काम कुठल्याच कचेरीत होत नाही. मी सांगितलं तर त्याचा काय उपयोग? विल्फ्रीदोकाका माझ्यावर रुसलेले नाहीत.

आणि यात्रेचं काय करू? त्या बेटावर जळालेल्या दगडांशिवाय देव नाही.

तुम्हीच सांगायचात की पूर आला तर होडी आडवी धरू नये, नाक पाण्यात घालावं. मग घाला की. खोल्या मी जानेवारी अखेरपर्यंत अडवून ठेवते. पलंग कुणाचे कुठे ते तुम्ही कळवाल त्याप्रमाणे.

रागावू नका. रागावलात तर लोणचं तरी पाठवा.

आपली,
यादीरा

---

मागांगे, २ जानेवारी

चि. यादीरास नव्या वर्षाचे अ. आ.

लोणचं पाठवतोय. मी तीनदा प्रयत्न केला. तुझं पत्र यायच्या आधीच, मेणबत्त्यांच्या सणाला, ताईजवळ बसलो आणि हवामानावर बोललो. नाताळाच्या प्रार्थनेत तिला कोपऱ्यात घेतलं आणि विचारलं की गुडघा कसा आहे. तिसऱ्यांदा तर मी घसा खाकरला, आणि तिने मला काढा पाजला.

मग वर्षअखेर आली. तुला आपली रीत ठाऊक आहे. बारा वाजले की रिकामी बॅग घेऊन गल्लीला फेरी मारायची, म्हणजे वर्षभरात प्रवास घडतो. आम्ही दोघं दरवर्षी मारतो. मी माझ्या बॅगेसह देवळाच्या अंगाने, विल्फ्रीदो त्याच्या बॅगेसह उलट बाजूने. औषधवाल्या तुलियोच्या कोपऱ्यावर गाठ पडते, तिथे टोपी काढून म्हणायचं की प्रवास घडो, भाऊ. मग पुढे. इतक्या वर्षांत कुठलाच प्रवास घडला नाही. घडेल कसा? देवालाही वाटलं असेल की यांना जायचंय ते विरुद्ध दिशांना.

या वर्षी मी माझी जुनी बॅग ठेवली आणि होडीवरची मोठी पेटीएवढी बॅग घेतली. एका बाजूला माझे चार कपडे भरले. दुसरी बाजू मोकळी ठेवली. आणि मधल्या दाराने नाही, रस्त्याने, त्याच्या पुढच्या दाराशी जाऊन कडी वाजवली. त्या दाराने मी त्याच्या घरी कधी गेलोच नव्हतो. पायरी उंच आहे हे त्या दिवशी कळलं, नडगी फुटली.

विल्फ्रीदोने दार उघडलं. नशिबासाठीची पिवळी चड्डी घातलेली होती, वर विजार चढवायची राहिली होती. मी रस्त्यात बॅग उघडून दाखवली. त्याने त्या मोकळ्या बाजूवरून हात फिरवला. मग म्हणाला की असल्या घड्या बैलानेही घातल्या नसत्या. आत गेला, विजार चढवली, शर्टांची चळत आणली, माझेही कपडे काढून पुन्हा घड्या घातल्या. फटाके वाजत होते, शेजारी नव्या वर्षाच्या शकुनाची द्राक्षं खाता खाता थांबले होते, आणि हा माणूस कॉलर नीट करत होता.

निघालो. मूठ एक, हात दोन, आणि तो डावरा. तुलियोच्या कोपऱ्यावर तुलियो ओरडला की बरं झालं बाबांनो, माझ्या दारातला सिग्नल सुटला. कुणी हसलं, कुणी शिट्टी मारली, एका म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली आणि मग द्राक्ष खाल्लं.

आणि समोरून ताई, तिची बॅग घेऊन.

तिने विचारलं की विल्फ्रीदोची बॅग तू का ओढतोस, त्याची पाठ धरलीय का? मी म्हटलं, आमची आहे. तिने विचारलं की मग तुझी कुठे? मी पुन्हा म्हटलं, ही आमची आहे, ताई. एकच आहे. आणि खोलीही एकच लागेल.

ताईने बॅगेकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग आम्हाला वळसा घालून पुढे गेली. फेरी अर्धी सोडली तर प्रवास फिसकटतो, म्हणून ती पूर्ण केली, आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून एक शब्द नाही. काल काढा मागितला तर खिडकीही उघडली नाही. मधलं दार उघडं आहे, कुत्रा परत आलाय, पण विल्फ्रीदो दर तासाला तिच्या खिडकीकडे बघतो. म्हणतो की तीस वर्षं ताट वाढलं बाईने, आणि आपण तिला रस्त्यात सांगितलं. खोल्या अजून सोडू नकोस. तिची तर मुळीच नको.

काकावर जीव ठेव. सध्या थोडा जास्तच ठेव.

एलिएसेर

---

मागांगे, ८ जानेवारी

चि. यादीरा हिस एर्मेलिंदाआत्याचे अ. आ. वि. वि.

तुझा काका तुला पत्रं लिहितो हे मला ठाऊक आहे. बसवाला माझ्याकडेच कॉफी पितो. मात्र त्याचं अक्षर मलाही लागत नाही, त्यामुळे बाकीचं मला रस्त्यात कळलं, सगळ्या गल्लीच्या नंतर.

मी सहा दिवस बोलले नाही. तुझ्या काकाला वाटलं मी देवासाठी रागावले. देवाचं देव बघेल, मी त्याच्याशी सविस्तर बोलले आहे, आणि अजून आमचं पूर्ण जमलेलं नाही. माझा राग निराळा आहे. तीस वर्षं दर रविवारी तो माणूस माझ्याकडे जेवला. पाहुणा म्हणून मी त्याला सगळ्यात मोठा मासा वाढला, स्वतः शेपटी खाल्ली. हातावर पाणी घातलं. एकदाही ताट उचलू दिलं नाही. आणि आता म्हणतात की तो घरचा होता! घरच्या माणसाने तीस वर्षं एक भांडं विसळलं नाही, याला काय म्हणायचं?

परवा तीन राजांच्या सणाला मी दोघांना जेवायला बोलावलं. विल्फ्रीदो दारात टोपी हातात घेऊन उभा, जसा काही मी पोलीसच. त्याच्या खुर्चीवरची भरतकामाची उशी मी काढून ठेवली होती. ते बघून तो पांढरा पडला. मी त्याला शेपटीचा तुकडा वाढला, सगळ्यात काटेरी. त्याने तो एकेक काटा काढत खाल्ला. जेवण झाल्यावर मी हातावर पाणी घातलं नाही. त्याच्यासमोर सगळ्यांची ताटं रचली, वर कढई ठेवली, आणि म्हटलं की मोरी तिकडे आहे.

तुझा काका उठायला लागला, त्याला मी बसवलं. मग विल्फ्रीदो बाह्या दुमडून आत गेला. बराच वेळ पाणी वाहत होतं. मी डोकावले तर स्वच्छ झालेली कढई पुन्हा घासत होता, आणि साबण डोळ्यांत गेला म्हणत होता. चांगली घासतो. कडा मात्र सोडतो, पण शिकेल.

तर खोल्यांचं लिहून घे. मला वेगळी खोली हवी, तुझा काका घोरतो आणि ते ऐकायचं काम आता माझ्याकडे नाही. त्या दोघांच्या खोलीत एकच पलंग टाकायला सांग. दोन दिले तर मूर्ख रात्री सरकवत बसतील आणि कंबर धरून माझ्याकडे काढा मागतील. यात्रा नाही हे कळलं, उंटांचं चालेल. मी पुढच्या उंटावर बसेन.

आणि तुझ्या आईशप्पथ, ते दार मला कालपर्यंत माहीत नव्हतं. कुत्रा माझ्याकडे तुकडे खातो, पण बोलला नाही.

निळा झगा पाठवून दे, विल्फ्रीदो रविवारी भांडी झाल्यावर शिवेल. वरचेवर लिहीत जा, आमचं म्हातारपण तुझ्यावरच तरंगतंय.

तुझी,
एर्मेलिंदाआत्या